जहाजावरचं झाकलेलं ताट

समोरची ताटली वेटरने उचलून नेली तेव्हाच मला उठून खोलीत जावंसं वाटलं होतं. टेबल दोघांचं होतं. दोन ताटल्या, दोन-दोन पेले, दोन्ही बाजूंना काटे-सुऱ्यांची रांग. त्याने मला खुर्ची ओढून दिली, मांडीवर रुमाल पसरला, आणि मग समोरचं सगळं एकेक करून गोळा केलं. पेलासुद्धा ठेवला नाही. पोरगा हसतमुख होता, त्याचं काम तो करत होता. पण आमच्याकडे समोरचं पान उचलतात ते जेवण झाल्यावर. इथे मी घास घ्यायच्या आधीच माझ्यासमोरचं माणूस जणू उठून गेलं होतं.

मी अड्याळची. म्हणजे सासर अड्याळ, माहेर आंधळगाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई. वैनगंगेच्या पुरापेक्षा मोठं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अशी बाई सिंगापूरहून निघालेल्या त्या अवाढव्य जहाजावर एकटी काय करत होती, असं कोणालाही वाटेल. माझी मुलगी त्या जहाजावर स्वयंपाकी आहे. शेफ म्हणायचं, असं ती मला दरवेळी सुधारते. तिथे काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना सवलतीत एक फेरी करता येते. तिने आम्हा दोघांची नावं दिली होती. पण निघायच्या वेळी धान कापणीवर आलं आणि आमच्या यजमानांनी हात वर केले. मजूर मिळत नाहीत, धानाची बांधी ओली आहे, आभाळ भरून आलंय, अशी सगळी कारणं त्यांनी एका दमात सांगितली. विमानाची भीती वाटते हे खरं कारण तेवढं सांगितलं नाही. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. त्यांना वाटलं मी रागाने बोलतेय. रागानेच बोलले होते, पण गेले.

जाण्यामागे माझी एकच इच्छा होती. मला माझ्या लेकीच्या हातचं जेवायचं होतं.

हे ऐकून लोक हसतात. मुलगी शेफ, आणि आईला तिच्या हातचं मिळालं नाही? नव्हतं मिळालं. तिच्या लहानपणी मी तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. आमच्या घरात पोर जरा उंच झाली की तिच्या हातात लाटणं यायचं, माझ्याही हातात तसंच आलं होतं, आणि माझ्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ती स्वयंपाकघरात आली की मी म्हणायची, तू पुस्तक घे. ताटं मांडायलासुद्धा बोलवायची नाही. सासूबाई टोमणे मारायच्या, मी कानाआड करायची. आणि बारावी झाल्यावर ती म्हणाली की नागपूरला जाऊन स्वयंपाक शिकते. मी कपाळाला हात लावला. जिला भाताचं आधण किती ठेवायचं ते ठाऊक नाही, ती जगाला जेवू घालणार.

घातलं खरं तिने. आधी नागपूर, मग गोवा, मग हे जहाज. एकदा गेली की आठ-आठ महिने येत नाही. सुट्टीत घरी आली की मी तिला स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाही. बाहेर राबून आलेली पोर, घरीही तेच करायचं काय? ती ओट्याजवळ आली की मी तिच्या हातातून उलथणं काढून घेते. ती म्हणते, आई, एक दिवस करू दे. मी म्हणते, उद्या. उद्या उद्या करता तिची सुट्टी संपते. असं करता करता सगळ्या जगाने माझ्या मुलीच्या हातचं खाल्लं, आणि मी तेवढी राहिले.

त्या जहाजावर जेवायची एक मोठी जागा आहे. तिथे कोणीही जावं, हवं ते घ्यावं, शेकडो माणसं ताटल्या घेऊन फिरत असतात, आमच्याकडच्या लग्नातल्या बुफेसारखी. आणि शिवाय वेगवेगळी लहान हॉटेलं आहेत. एक इटलीच्या जेवणाचं, एक जपानी, एक फ्रेंच, एक फक्त समुद्राच्या मासळीचं. तिथे आधी टेबल राखून ठेवावं लागतं, कपडे जरा बरे घालावे लागतात. मुलगी त्या मासळीच्या हॉटेलात काम करते. तिने माझी रोजची संध्याकाळ एकेका हॉटेलात ठरवून ठेवली होती आणि शेवटची संध्याकाळ स्वतःच्या हॉटेलासाठी.

मी समजत होते की आम्ही दोघी बसून जेवू. पहिल्याच दुपारी तिने सांगितलं की काम करणाऱ्यांना पाहुण्यांच्या टेबलावर बसायची मनाई आहे. तिला दुपारी थोडा वेळ सुटका मिळायची, तेवढ्यात ती माझ्याकडे यायची, आणि आम्ही वरच्या गच्चीवर कठड्याशी उभ्या राहून बोलायचो. पांढरा कोट घातलेली माझी पोर उभी आणि मी उभी. तिला बसू देत नाहीत म्हणून मीही बसायची नाही.

तर अशी मी रोज संध्याकाळी कोशाच्या रेशमाची साडी नेसून एकटी जेवायला जायची. साडी माहेरच्या मागावरची. दारातली पोरगी विचारायची, एकच ना? मी मान हलवायची. रोज विचारायची. आत सगळी जोडपी, नाहीतर मोठी मोठी कुटुंबं. एकटीने जेवायची मला सवय आहे, तीस वर्षं मी घरातलं सगळं आवरल्यावर मागून एकटीच जेवले. पण तेव्हा ओसरीवर माणसं असतात, कोणी पाणी मागतं, कोणी उगाच डोकावून जातं. इथे सगळे माझ्याकडे बघत होते असंही नाही. कोणीच बघत नव्हतं, आणि तेच मला खुपत होतं.

इटलीच्या हॉटेलात माझी फजिती झाली. वेटरने पावाची टोपली आणली, ताजा पाव, वास दरवळत होता. त्याने विचारलं, घेणार का? मी म्हटलं, नको. त्याने मान लववली आणि टोपली घेऊन गेला.

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्या भागात पाहुणा पहिल्यांदा हो म्हणत नाही. वाढणारा म्हणतो घ्या, पाहुणा म्हणतो नको, पोट भरलं. वाढणारा म्हणतो असं कसं, एवढं तर घ्या. पाहुणा हाताने पान झाकतो. वाढणारा हात बाजूला करून वाढतो. मग पाहुणा खातो, आणि मनापासून खातो, कारण त्याला भूक लागलेलीच असते. यात खोटं कोणी बोलत नाही. दोघांनाही सगळं माहीत असतं. पहिल्या हाकेला हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो, आणि पहिल्या नकारावर वाढणारा फिरला तर घर कद्रू ठरतं. माझा कोंढ्याचा मामा एकदा आमच्या पुण्याच्या वहिनीकडे जेवायला गेला होता. तिने एकदा विचारलं, मामाने नको म्हटलं, तिने भांडं उचललं. भला माणूस एका पोळीवर उठला. मरेपर्यंत तो तिचं नाव घेत नसे. ज्या घरी मी उपाशी उठलो ते घर, असं म्हणायचा.

मी स्वतः आग्रह करण्यात नावाजलेली. शाळेतल्या बाया माझ्याकडे जेवायला यायच्या तेव्हा सकाळपासून काही खात नसत.

आणि ती मी, दुसऱ्या टेबलाकडे गेलेल्या पावाच्या टोपलीकडे बघत बसले. सूप आलं, तेही मी अर्धं ठेवलं, म्हणजे तो म्हणेल अजून घ्या ना. त्याने वाटी उचलली. मुख्य जेवण आलं तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही म्हणून मी जेवू शकले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर हे मुलीला सांगितलं तर ती हसता हसता कठड्याला टेकली. मग डोळे पुसून मला समजावलं. इथे नाही म्हटलं की खरंच नाही समजतात. पाहिजे असेल तर सरळ हो म्हणायचं. मला जरा राग आला. मी पोरांना शिकवण्यात आयुष्य घालवलेली, आणि हो-नाही कसं म्हणायचं ते माझी पोर मला शिकवत होती.

पण शिकले. जपानी हॉटेलात मी सगळ्याला हो म्हटलं. तिथला स्वयंपाकी आपल्या समोरच लोखंडी तव्यावर भाजून देतो, उलथणी हवेत उडवतो, अंडं उलथण्यावर झेलतो. आपल्याकडे कोणी स्वयंपाक करताना असे चाळे केले असते तर सासूने दिवसभर ऐकवलं असतं. तो विचारेल त्याला मी हो म्हणत गेले आणि इतकं जेवले की खोलीत आल्यावर बराच वेळ उजव्या कुशीला वळता आलं नाही. फ्रेंच हॉटेलात मोठ्या ताटल्यांमध्ये एवढुसं एवढुसं येत होतं. तिथे पलीकडच्या टेबलावर माझ्याहून वयस्क एक गोरी बाई एकटीच बसली होती. एका हाताने पुस्तक धरून ती शांतपणे जेवत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. तिच्यासमोरचीही ताटली उचललेली होती. तिला त्याचं काही वाटत नसावं. मला तिचा हेवा वाटला, आणि थोडी भीतीही. माझी मुलगी म्हातारी होईल तेव्हा अशीच जेवेल का, असं मनात आलं. मुलगी लग्नाचं नाव काढत नाही. पण तो विषय इथे नको.

शेवटच्या संध्याकाळी मी सगळ्यात चांगली साडी नेसले. मासळीच्या हॉटेलाचं स्वयंपाकघर काचेआड आहे, जेवताना आतलं सगळं दिसतं. माझं टेबल काचेच्या अगदी समोर होतं, तेही तिनेच सांगून ठेवलं असणार. आत सातआठ जण होते, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, पण मी तिला तिच्या मानेवरून ओळखलं. तिने एकदा वळून पाहिलं. हसली नाही, फक्त पाहिलं. मग कामाला लागली.

मी घरी तिला अभ्यास करताना पाहिलंय, झोपलेलं पाहिलंय, तापात पाहिलंय. असं पाहिलं नव्हतं. ती एका वेळी चार भांड्यांकडे बघत होती. कोणाला तरी काही सांगत होती आणि तो तिच्याहून दांडगा माणूस मान हलवून तसं करत होता. चमच्याने चाखायची, चमचा बाजूला टाकायची, दुसरा घ्यायची. त्या चाखण्यापलीकडे तिच्या तोंडात काही जात नव्हतं. तिनेच मला सांगितलं होतं की त्यांचं जेवण दुपारी उरकतं, घाईघाईत, कधी उभ्याउभ्याच. मी बसले होते आणि ती उपाशी उभी होती. मासा चांगला होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मला त्याची चव आठवत नाही. शिवाय तो तिने केला होता की दुसऱ्या कोणी, तेही कळायला मार्ग नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी पोटभर जेवत नसत. माझे वडील अड्याळला माझ्याकडे आले की चहा घ्यायचे आणि शेवटच्या बसच्या आत उठायचे. मी हे मानत नाही. मी त्यावरून वडिलांशी भांडलेली आहे. पण त्या खुर्चीत बसल्यावर माझं अंग आपोआप आखडलं. हे लेकीचं घर होतं. इथे तिची चार माणसांत पत होती. आई हावरटासारखी जेवली असं तिच्या माणसांना दिसायला नको होतं. तिने शिकवलेलं हो म्हणणं मी त्या संध्याकाळी पार विसरले.

जेवण संपत आलं. माझी ताटली उचलली गेली. तेव्हा एक वेटर घुमटासारखं चकचकीत झाकण ठेवलेलं एक ताट घेऊन आला. मी काही मागितलं नव्हतं. तो सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत म्हणाला की हे आमच्या स्वयंपाकघराकडून तुमच्यासाठी आहे, ठेवू का?

मी म्हटलं, नको, पोट भरलं.

तो गेला नाही. तसाच वाकून म्हणाला, थोडंसं घेऊन पाहा. मी हसून पुन्हा नको म्हटलं, हातही आडवा धरला. तरी तो गेला नाही. मला आता आठवतं की त्याने काचेकडे एक नजर टाकली होती. मग तिसऱ्यांदा म्हणाला, मॅडम, प्लीज.

त्या अख्ख्या जहाजावर मला कोणी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नव्हती, आणि हा तिसऱ्यांदा विचारत होता. तिथेच मला कळायला हवं होतं. तीस वर्षं पोरांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या पोटातलं ओळखणारी बाई मी. मला त्या क्षणी फक्त काचेआडची उपाशी पोर दिसत होती. घरात चांगलं काही ताटात आलं की ते उचलून तिच्या ताटात टाकायचं, एवढं एकच मला येतं. मी बोट दाखवून त्या वेटरला म्हटलं, हे तिकडे त्या मुलीला दे. ती जेवलेली नाही.

तो गोंधळला. मी पुन्हा सांगितलं, शिक्षिकेच्या आवाजात. मग तो ताट घेऊन आत गेला. काचेतून मी पाहिलं, तो तिच्याशी काही बोलला, तिने ताटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी हाताने खूण केली, खा म्हणून. ती वळली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली. मला फार बरं वाटलं. लेकीच्या घरी जाऊन लेकीलाच भरवून आले, अशा समाधानात मी त्या दिवशी झोपले.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. उतरणाऱ्यांची रांग लागली होती. ती थोडा वेळ मागून मला सोडायला आली. माझी हातातली पिशवी घेतली आणि बोलेना. मला वाटलं, आई चालली म्हणून गप्प आहे. मीच विषय काढला.

"काल तो पोरगा झाकून काहीतरी घेऊन आला होता. मी तुलेच द्याले सांगतलं. खाल्लं ना तुनं?"

"नाही आई. टाकलं."

"टाकलं? अन्न टाकलं?"

"टेबलावर गेलेलं ताट वापस आलं तर टाकावंच लागते. नियम आहे."

मी विचारलं, त्यात होतं काय. ती पिशवीच्या बंदाशी खेळत होती.

"आयते," ती म्हणाली. "मी केले होते."

आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. आमच्याकडे नवा तांदूळ घरात आला की पहिल्यांदा हेच होतं, गुळवणीत बुडवून खातात. दिसायला सोपं, पण पीठ जरा घट्ट झालं की चामडं होतं आणि पातळ झालं की तव्याला चिकटतं. मला वर्षानुवर्षं करून जमलेलं. तिने ते कधी केलं नव्हतं, मला करताना लांबून पाहिलं होतं, तेही पुस्तकातून डोकं वर काढून. जपानी हॉटेलातून तांदळाचं पीठ मागून घेतलं, मोठ्या शेफची परवानगी काढली, दुपारच्या सुट्टीत, मला भेटून गेल्यावर, रोज थोडे थोडे करून पाहिले. हे सगळं तिने मला रांगेत उभ्याउभ्या सांगितलं, दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं. शेवटी शेवटी जमले होते, म्हणाली.

मी म्हटलं, "तुले माईत होतं ना, मी पयले नाहीच म्हणतो?"

"माईत होतं. म्हणूनच त्याले सांगतलं होतं, तीनदा विचार म्हणून."

रांग पुढे सरकली. मी सरकले नाही, मागच्या माणसाने वळसा घातला.

"मले वाटलं, तुले समजलं असन मीच केलं म्हणून," ती म्हणाली. "तरीबी वापस केलं."

तसं नाही, असं मी म्हटलं. झाकण होतं, मला दिसलं नाही, तू उपाशी होतीस म्हणून मी, असं सगळं म्हटलं. मला समजतं आई, असं ती म्हणत होती. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मीही उलट चढ्या आवाजात बोलले असते, दोघी रडलो असतो आणि मोकळ्या झालो असतो. तिने मला वाकून नमस्कार केला, पिशवी परत दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाली आणि कामाला गेली. तिच्या मागून एक लोखंडी दार बंद झालं, त्यावर पाहुण्यांना प्रवेश नाही असं लिहिलेलं होतं.

विमानात मी सारखा एकच विचार करत होते. ते ताट तिने स्वतःच्या हाताने टाकलं असेल का? विचारायचं राहिलं, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. मी घरात भाताचं शीत वाया जाऊ दिलं नाही कधी. शाळेत डबा अर्धवट टाकणाऱ्या पोराला मी मैदानाला फेरी मारायला लावायची. आणि आयुष्यात लेकीने पहिल्यांदा माझ्यासाठी केलेलं अन्न माझ्यामुळे कचऱ्यात गेलं.

घरी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, एवढं काय मनाला लावून घेते, आल्यावर करायला सांग तिला. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली तेव्हा मी तसंच केलं. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर पडले आणि म्हटलं, आज आयते तू कर. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. तिने माझा तवा घेतला, माझं उलथणं घेतलं. मी टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसले. मधून मधून तिने मला विचारलंसुद्धा, पीठ बरोबर आहे का, तवा तापला का. मी सांगितलं. आणि सांगताना मला कळत होतं की हे ते नव्हे. इथे ती माझ्या ओट्यावर होती, मला विचारून करत होती. तिकडे ती मालकीण होती, तिचा शब्द चालत होता, आणि मी तिच्या घरची पाहुणी होते. तसं पाहुणी होऊन जाणं मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही. यंदा तिने दुसरं जहाज धरलंय, ते सिंगापूरहूनही लांब कुठून तरी सुटतं.

आयते पातळ झाले होते, जाळीदार, कडेला थोडे कुरकुरीत. माझ्याहून चांगले. यजमान चार खाऊन उठले आणि ढेकर देत बाहेर गेले. तिने माझ्या ताटात एक वाढला, मी खाल्ला. दुसरा वाढला, तोही खाल्ला. मी नुसती खात होते. ती तिसरा उलथण्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आणखी देऊ?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "बस, पोट भरलं."

इतकं सगळं होऊनही निघालं. जीभ चावावीशी वाटली. मी वर बघितलं, ती म्हणेल असं कसं, एवढा तर घे, म्हणून वाट बघितली. माझा हात ताटावर आडवा धरलेला होता. तिने तो बाजूला केला नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि गॅस बंद केला.

जहाजावर तिला तेच शिकवलंय, माणसाने नाही म्हटलं की नाही. आणि तिसऱ्यांदा विचारून काय होतं ते तिने पाहिलेलं होतं. तो तिसरा तिने डब्यात ठेवला, वर झाकण लावलं आणि हात पुसत अंगणात वडिलांजवळ जाऊन बसली. मी ताटाशी बसून राहिले. मला भूक होती.